कपाटामागची भिंत

दोरीभाऊंनी घर घ्यायचं ठरवलं हे ऐकून त्यांच्या ट्रकच्या ड्रायव्हरने तोंडातला चहा कसाबसा गिळला आणि विचारलं, "या वेळी मोडणार कधी?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. दोरीभाऊंनी याआधी तीन घरं पसंत केली होती आणि तिन्ही सोडली होती. पहिल्याच्या वेळी म्हणाले, जिना अरुंद आहे, फ्रीज वळणार नाही. दुसऱ्याच्या वेळी म्हणाले, वरचे लोक खुर्च्या ओढतात. तिसऱ्याच्या वेळी तर बिचाऱ्यांना कारणसुद्धा सापडलं नाही. सह्यांच्या दिवशी सकाळी पोटात असा गोळा आला की ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, आणि दलालाला फोन करून नको म्हणून सांगायची पाळी बायकोवर आली. दलालाने तिला जे ऐकवलं ते तिने नवऱ्याला कधी सांगितलं नाही. नुसता फोन ठेवला आणि कामावर गेली.

दोरीभाऊ हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. लोकांची घरं उचलून दुसरीकडे नेऊन ठेवायची हा त्यांचा धंदा. खांद्यावर कायम दोरीचं वेटोळं, कमरेला हातोडी, खिशात चिकटपट्टी. हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण बायको सोडली तर सगळं जग त्यांना याच नावाने ओळखतं. बायको 'अहो' म्हणते. त्या एका 'अहो'चे तिच्याकडे निदान दहा प्रकार आहेत आणि ते सगळे दोरीभाऊंना पाठ आहेत.

धंद्यात माणूस एक नंबर. काचेचं सामान त्यांच्या हातून कधी फुटलं नाही. ताटल्या कधी आडव्या रचायच्या नाहीत, उभ्या लावायच्या. पलंगाचे स्क्रू पिशवीत घालून ती पिशवी पलंगाच्याच पायाला बांधायची. आणि निघताना घर नागडं करून सोडायचं. हा शेवटचा नियम त्यांनी स्वतः घातला होता. एकदा एका गिऱ्हाइकाने मागे राहिलेल्या एका दिव्यासाठी महिनाभर फोन करून डोकं खाल्लं होतं. तेव्हापासून खिळा, आकडा, दिवा, पडद्याचा दांडा, काही म्हणून मागे ठेवायचं नाही. भिंती कोऱ्या झाल्याशिवाय दोरीभाऊ दाराला कुलूप लावत नसत. हातोडीची पुढची बाजू त्यांनी फारशी कधी वापरलीच नव्हती. त्यांचं काम मागच्या बाजूचं, खिळे उपटायचं.

खरं सांगायचं तर या माणसाला घराची भीती वाटली नसती तरच नवल. बाकीचे लोक घर समोरून बघतात. रंग, खिडकी, उजेड, झालं. दोरीभाऊंनी जन्मभर घरं मागून बघितली. कपाट हललं की त्यामागे काय निघतं ते त्यांना माहीत. ओल निघते, वाळवी निघते, रद्दी कोंबून बुजवलेली भेग निघते. आणि याहून वाईट म्हणजे, त्यांनी बांधलेलं प्रत्येक घर कोणीतरी सोडून चाललेलं असायचं. कोणाची नोकरी गेलेली, कोणाचं पटेनासं झालेलं, कोणाचं माणूस गेलेलं. त्या लोकांनीही एके काळी हौसेने किल्ली हातात घेतली असेलच ना? घरात सुखाने नांदणाऱ्याने दोरीभाऊंना कधी बोलावलं नव्हतं. नांदणाऱ्याला दोरी कशाला लागते?

म्हणून लग्न झाल्यापासून ते भाड्याच्या घरात होते. आताचं घर दोन खोल्यांचं. घरमालक खालीच राहायचे, स्वभावाने वाईट नव्हते, पण भिंतींच्या बाबतीत त्यांचे कान ससाण्याच्या डोळ्यांसारखे. भिंतीला खिळा मारायचा नाही, ही पहिली अट. लेक शाळेत असताना तिने एकदा कॅलेंडर लावायला खिळा ठोकायला घेतला होता. दुसरा ठोका पडला आणि तिसऱ्याच्या आत घरमालक दारात उभे! तेव्हापासून या घरात काही टांगलं गेलं नाही. आरसा भिंतीला टेकवलेला. घड्याळ फ्रीजवर आडवं. शर्ट खुर्चीच्या पाठीवर, टॉवेल खिडकीच्या गजाला आणि बायकोची कामावरची पिशवी दाराच्या मुठीला. दार उघडलं की ती पिशवी पडायची. ती उचलून पुन्हा अडकवायची. हे ती इतकी वर्षं करत आली होती, आणि आता करताना तिच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा दिसत नसे.

बायको एका मोठ्या दवाखान्याच्या लाँड्रीत कामाला. दिवसभर चादरींच्या घड्या घालायच्या. सुरुवातीला ती नवऱ्याबरोबर मोठ्या उत्साहाने घरं बघायला जायची. स्वयंपाकघरात उभी राहायची, इथे शेगडी, इथे पाण्याचं पिंप, इथे मी बसून भाजी निवडीन, असं हाताने दाखवायची. तिसरं घर मोडल्यावर मात्र तिने एका संध्याकाळी शांतपणे सांगितलं. चिडून सांगितलं असतं तर दोरीभाऊंना बरं वाटलं असतं.

"आता मी कुठलंही घर बघायला येणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही बघा, तुम्ही ठरवा. सह्या झाल्या, किल्ली हातात आली, की मला सांगा. लोकांच्या स्वयंपाकघरात उभं राहून माझे डबे कुठे ठेवायचे ते ठरवायचा मला कंटाळा आलाय. थकले मी."

आणि तिने शब्द पाळला. या चौथ्या घराचा विसार दिला तरी तिने घर कुठे आहे, केवढं आहे, काही विचारलं नाही. लेकीने मात्र बापाला ऐकवलं, "बाबा, तुम्ही घर बघायला जातच नाही. तुम्ही घराची चूक शोधायला जाता. आणि या वेळी मोडलंत ना, तर आई काही बोलणार नाही. तेच वाईट आहे."

शुक्रवारी सह्या होत्या. सोमवारी संध्याकाळी पोटातला तो ओळखीचा गोळा हजर झाला.

मंगळवारी दोरीभाऊ एका तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचं सामान उतरवत होते. कामात लक्ष नव्हतं. जिन्यात वळताना शिलाई मशीनचा कोपरा भिंतीला घासला आणि ड्रायव्हरने खालून वर पाहिलं. एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं. हप्ते किती वर्षं चालणार, तोवर आपल्या पाठीचं काय होणार, एकदा घेतलं की मग सोडून जाता येणार नाही, असं सगळं डोक्यात गरगरत होतं. भाड्याच्या घराचं एक बरं असतं. ते वाईट निघालं तर दोष मालकाचा. स्वतःचं वाईट निघालं तर बायकोला तोंड कसं दाखवायचं? इतकी वर्षं थांबवून हे घेतलंत का, असं ती म्हणणार नाही. नुसती बघेल. दोरीभाऊंची खरी भीती ती होती, आणि ती त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती.

बुधवारी त्यांनी सुट्टी घेतली आणि घर विकणाऱ्या नर्सबाईंकडे गेले. नको म्हणून सांगायचंच, असं ठरवूनच गेले. फोनवर बायकोला सांगायला लावलं ते एकदा पुरे झालं होतं. या वेळी निदान आपल्या तोंडाने सांगू, एवढी एक मर्दुमकी त्यांनी मनाशी गोळा केली होती.

नर्सबाई नोकरीतून निवृत्त झालेल्या, उंच, करड्या आवाजाच्या. दुसऱ्या गावी धाकट्या बहिणीकडे कायमच्या राहायला चालल्या होत्या. दार उघडून त्यांनी दोरीभाऊंना नखशिखान्त पाहिलं.

"बाई, मी जरा बोलायला आलो होतो."

"आधी आत या. उभ्या उभ्या वाईट बातम्या सांगायच्या नसतात. मी आयुष्यभर सांगितल्यात, मला माहीत आहे."

दोरीभाऊ आत जाऊन खुर्चीच्या टोकावर बसले. धंद्याची नजर, ती आपोआप फिरली. शनिवारी सामान जायचं आणि घर जसंच्या तसं. एका कोपऱ्यात रिकामे खोके एकात एक घातलेले. एकच खोका उघडलेला, आणि त्यात एकच वस्तू, एक इस्त्री.

"तीन दिवसांत एवढंच जमलं," नर्सबाई म्हणाल्या. "सकाळी उठते, खोका समोर घेते, मग वाटतं आधी चहा करू. चहा होतो, कप धुऊन होतो, खोका तिथेच." त्या समोर बसल्या. "खरं सांगू, भाऊ? मी तुमचीच वाट बघत होते. दलाल म्हणाला होता, हा माणूस आयत्या वेळी कच खातो. म्हटलं, बरंच आहे. त्याने नको म्हटलं की माझं काम परभारे झालं. बहिणीला सांगता येईल, गिऱ्हाईक पळालं, मी काय करू."

दोरीभाऊ ओशाळले. नको म्हणायचे शब्द जिभेवर होते, पण समोरचं माणूस त्यांची अशी वाट बघत असेल तर ते बाहेर कसे काढायचे? आणि गंमत बघा, आपण पळपुटे आहोत हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्यांना रागही आला.

"पळणारा मी नाही, बाई," ते म्हणाले. "पण घर बघितलं ते वरवर. कपाटामागं काय आहे कोणाला माहीत? ओल असली तर? मला आधी कपाटामागची भिंत बघायची आहे."

"बघा की. माझ्याने तर आता टाचणीसुद्धा हलत नाही."

दोरीभाऊंनी बाह्या वर केल्या. मोठ्या कपाटाच्या पायांखाली पायपुसण्याच्या घड्या सरकवल्या, खांदा लावला, आणि ते धूड बिनआवाज पुढे आलं. मागची भिंत कोरडी ठणठणीत. पुढच्या भिंतींना मध्यंतरी दुसरा रंग दिला असावा. मागे जुना फिकट निळा तसाच होता, काल दिल्यासारखा. खाली एक कंगवा आणि धुळीची लड. दोरीभाऊंनी भिंतीला तळवा लावला, बोटाने वाजवून पाहिली, नाक नेऊन वासही घेतला. काही नाही. त्यांचा चेहरा पडला.

"निराश झालात?" नर्सबाईंनी विचारलं.

"हे एक झालं. ते काचेचं कपाट?"

काचेचं कपाट भरलेलं असताना हलवता येत नाही. ते रिकामं करायला हवं. आणि रिकामं करायचं म्हणजे कप-बशा बाहेर काढायच्या. बाहेर काढलेल्या कप-बशा कागदात न गुंडाळता जमिनीवर ठेवणं हे दोरीभाऊंच्या हातांना जमणारच नव्हतं. त्यांनी रद्दी मागितली. गुंडाळलेला कप हातात धरून माणूस किती वेळ उभा राहणार? त्यांनी खोका ओढला. ताटल्या उभ्या लावल्या, मधे पुठ्ठे सरकवले. खोका भरला तशी वरून चिकटपट्टी मारली आणि वर लिहिलं, काच. मग कपाट हलवलं. भिंत कोरडी.

"हे न्यायचं की टाकायचं?" कपाटावरची एक जुनी बरणी उचलून त्यांनी सहज विचारलं.

"टाका. झाकण फुटलंय."

"आणि हे?"

"ते न्यायचं."

सगळं घर आवरायचं म्हटलं की बाईंना धाप लागायची. पण ही बरणी न्यायची का, या प्रश्नाला उत्तर होतं, आणि त्या उत्तर देत गेल्या. स्टुलावर बसून वॉर्डात राउंड घेतल्यासारख्या, हे हो, ते नाही, ते शेजारणीला. दोरीभाऊ एकेक भिंत तपासत गेले. पलंग हलवायचा म्हणून गादी गुंडाळली. टेबल सरकवायचं म्हणून खण रिकामे केले. पुस्तकांची फळी, शिवणाचा पेटारा, ट्रंका. दुपार झाली. नको म्हणायला आलेल्या माणसाने नको म्हणायचं कारण शोधता शोधता अर्धं घर बांधून टाकलं होतं, आणि हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

राहिलं स्वयंपाकघरातलं फडताळ. ते रिकामं करून दोरीभाऊंनी पुढे ओढलं, आणि मागे, त्यांच्या कमरेच्या उंचीवर, ओल.

परातीएवढा डाग होता. रंगाला फोड आलेले, खाली पांढरी भुकटी पडलेली. दोरीभाऊंनी अंगठा दाबला तसा गिलाव्याचा पापुद्रा सुटून आला. सापडलं एकदाचं. आता हातपाय झटकायचे, बाईंना नमस्कार करायचा आणि घरी जायचं. लेकीलाही सांगता येईल, ओल होती, डोळ्यांनी बघितली.

मागून बाईंचा आवाज आला. करडेपणा गेलेला.

"ते मला माहीत होतं. फडताळ मीच तिथे सरकवलं होतं, झाकायला. तुम्हाला सांगितलं नाही. आता नको म्हणालात तर दोष माझा, तुमचा नाही. तुमचा विसार परत करते. चला, दोघंही सुटलो."

भिंतीपलीकडे न्हाणीघर होतं. दोरीभाऊ तिकडे गेले, नळाच्या मागे हात घातला, बोट बाहेर काढून पाहिलं, परत आले. पुन्हा भिंत वाजवली. वर वाजवली, बाजूला वाजवली. डाग जिथे संपत होता तिथे नखाने रेघ ओढली.

"वरून येत नाही," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "न्हाणीतला नळाचा सांधा गळतोय. सांधा बदलला की बंद होईल. मग हे सगळं खरवडून काढायचं, महिनाभर उघडं ठेवायचं, आणि त्याशिवाय गिलावा करायचा नाही. लोक घाई करतात, तिथेच फसतात. आणि फडताळ इथे ठेवायचंच नाही. समोर ठेवायचं. या भिंतीला हवा लागली पाहिजे."

"कोणाचं फडताळ?" बाईंनी विचारलं. "माझं तर मी नेतेय."

"आमचं," दोरीभाऊ म्हणाले.

म्हणाले आणि त्यांनाच धसका बसला. शब्द तोंडातून गेला होता. बाईंनीही तो ऐकला होता. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि मग एकदम खणखणीत आवाजात म्हणाल्या, "चला, म्हणजे मला जावं लागणार. ती इस्त्री त्या खोक्यात एकटीच आहे, तिच्यावर काहीतरी घाला."

संध्याकाळी दोरीभाऊ घरी आले तेव्हा बायको पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. दिवसभर चादरी, घरी आल्यावर हे. दार उघडलं तशी मुठीवरची पिशवी खाली पडली. दोरीभाऊंनी उचलून ती पुन्हा अडकवली आणि म्हणाले, "त्या घराला ओल आहे. स्वयंपाकघरात."

तिचे हात थांबले. चेहऱ्यावर राग नाही, आश्चर्य नाही. खूप दिवस अपेक्षित असलेला पाहुणा आल्यावर दमलेलं माणूस जसं उठतं, तसं ती "बरं" म्हणाली आणि पुढचा शर्ट उचलला. "दलालाला मी नाही फोन करणार. तेवढं तुम्ही करा."

"फोन कशाला? नळवाल्याला रविवारी बोलावलंय. सांधा बदलून देतो म्हणालाय. फडताळ समोरच्या भिंतीला लावू."

तिने शर्टाची घडी घातली. मोडली. पुन्हा घातली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "समोरच्या भिंतीला खिडकी आहे का?"

इतक्या महिन्यांत त्या घराबद्दलचा तिचा हा पहिला प्रश्न होता. दोरीभाऊ पलंगाच्या कडेला टेकले.

"आहे."

"मग तिथे फडताळ कसं बसेल?"

हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. "खिडकीच्या बाजूला," ते म्हणाले.

"बाजूला किती जागा आहे, मोजलीत?"

मोजली नव्हती. ती हसली नाही, पण पुढच्या घड्या जरा भराभर घातल्या.

याचा अर्थ दोरीभाऊ शूर झाले असा नाही. शुक्रवारी सकाळी गोळा पुन्हा आला. बायको कामावर निघताना दारात थांबली, त्यांच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता गेली. तिने काही विचारलं असतं तर कदाचित ते अंथरुणाकडे वळलेही असते. तिने विचारलं नाही म्हणून त्यांना बूट घालावे लागले.

नोंदणी कचेरीत नर्सबाई आधीच बाकावर बसल्या होत्या. त्यांचाही चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी आधी सही केली आणि पेन पुढे केलं. दोरीभाऊंचा हात कागदावर जाईना. कारकून जांभई देत खिडकीबाहेर बघत होता.

"बघू नका तिकडे," नर्सबाई हळूच म्हणाल्या. "सुई टोचताना बघायचं नसतं. दुसरीकडे बघा आणि करून टाका."

दोरीभाऊंनी दुसरीकडे बघितलं आणि करून टाकली. सही वाकडी आली. कारकुनाने ती चालवून घेतली.

शनिवारी त्यांनीच बाईंचं सामान ट्रकवर चढवलं. बाई निघण्याआधी शेवटचं एकदा घरात फिरून आल्या आणि म्हणाल्या, "दिवे, पंखे, आकडे, दांडे, सगळं तुमचंच हं. ठरल्याप्रमाणे. काही काढू नका." दोरीभाऊंनी "हो, हो" म्हटलं, हात जोडले, त्यांना टॅक्सीत बसवलं. टॅक्सी वळेपर्यंत बाईंनी मागे पाहिलं नाही. पाहायचं नाही असं ठरवलं असावं, मान फार ताठ होती.

मग दोरीभाऊ वर आले आणि राहिलेलं आवरू लागले. आठवड्याची दमणूक अंगात होती, डोकं सुन्न होतं, आणि अशा वेळी माणसाचे हातच तेवढे काम करतात. ड्रायव्हर खाली घाई करत होता, गावाबाहेर पडेपर्यंत अंधार होईल म्हणून. दोरीभाऊंनी शेवटचा खोका भरून दिला, वर किरकोळ असं लिहिलं, ट्रक रवाना केला, घराला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकून बायकोला आणायला दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले.

ती कामावरून बाहेर आली, खांद्याला पिशवी, पाय ओढत. दोघं पायीच निघाली. लेक क्लासवरून परस्पर येणार होती. जिना चढताना बायको दर वळणावर थांबत होती आणि कठड्याला हात लावून बघत होती. दोरीभाऊंनी कुलूप काढलं आणि बाजूला झाले. ती आत गेली, दाराशेजारचं बटण तिने दाबलं. टिक. पुन्हा दाबलं. टिक.

"अहो, वीज तोडलीय का?"

दोरीभाऊंनी वर पाहिलं. छतातून वायरची दोन टोकं लोंबत होती. दुसऱ्या खोलीत गेले. तिथेही तेच. स्वयंपाकघरात पंख्याच्या जागी आकडासुद्धा नव्हता. पडद्याचे दांडे नव्हते, टॉवेलची खुंटी नव्हती, दाराबाहेरच्या घंटीचं बटणसुद्धा नव्हतं. भिंती कोऱ्या. आपलंच घर त्यांनी सवयीने नागडं करून सोडलं होतं, आणि सगळे दिवे या क्षणी किरकोळ या नावाने दुसऱ्या गावाला चालले होते.

"वीज आहे," ते म्हणाले. "दिवे मी काढले."

"का?"

"सवयीने."

अंधारात तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. रस्त्यावरच्या दिव्याचा थोडा उजेड खिडकीतून फरशीवर पडला होता. दोरीभाऊंना वाटलं, झालं, आता ती नुसती बघणार. मग एक आवाज आला. आधी त्यांना कळलंच नाही. ती हसत होती. भिंतीला पाठ टेकून हसत होती, दमलेलं माणूस हसतं तसं, खांदे हलवत, मधेच श्वास अडकत. हसता हसता खाली बसली आणि डोळे पुसू लागली. ते पुसणं बराच वेळ चाललं. दोरीभाऊ तिच्या शेजारी फरशीवर टेकले. त्यांना रडू येत होतं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

थोड्या वेळाने ती उठली. स्वयंपाकघरात गेली, चाचपडत, आणि ओलीच्या डागावर तिने तळवा ठेवला. "हीच का?"

"हो."

"एवढीशीच आहे की."

मग तिने खांद्यावरची पिशवी काढली आणि तिचा हात आपसूक दाराच्या मुठीकडे गेला. तिथेच थांबला.

"खिळा आहे का?" तिने विचारलं.

दोरीभाऊंनी खिशात हात घातला. खिसा दुपारी उपटलेल्या खिळ्यांनी भरलेला होता, याच भिंतींचे. त्यांनी एक बरा सरळ बघून काढला आणि जुनं भोक शोधायला भिंतीवर बोट फिरवू लागले.

"तिथे नको," ती म्हणाली. तिने त्यांचं बोट धरून खाली आणलं. "इथे. माझ्या हाताला येईल असा."

त्यांनी कमरेची हातोडी काढली. ती उलटी धरली होती, मग सुलटी केली. पहिला ठोका रिकाम्या घरात दणकन घुमला आणि दोरीभाऊ जागच्या जागी थिजले. दोघांनीही एकाच वेळी मान वळवून दाराकडे पाहिलं. कान जिन्याकडे लागले. खालून पावलं आली नाहीत. कोणी दार वाजवलं नाही.

खिळा अर्धवट भिंतीत होता. पिशवी दोन्ही हातांत धरून ती वाट बघत उभी होती.

"मारा," ती म्हणाली. "जोरात मारा. कोणी येत नाही."